मीठ आधी, सोडा नंतर

उन्हाळ्याच्या दुपारी जेवणं आटोपून घर पेंगुळलेलं असतं. अशा वेळी स्वयंपाकघरातून सोड्याच्या बाटलीचा 'फिस्स' ऐकू आला की गाढ झोपलेलं माणूसही कूस बदलतं. फ्रिजच्या दाराला कुणाला जाग येत नाही, कुकरच्या शिट्टीला तर नाहीच नाही. या आवाजाला मात्र येते. एखादं लिंबू चिरलं जाणार, बर्फाचा ट्रे ओट्यावर आपटला जाणार, आणि आपण उठलो नाही तर आपल्या वाटणीचं कोणीतरी पिणार, हे झोपेतल्या माणसालाही कळतं.

हा आवाज कानात बसवला तो गोटी सोड्याने. एसटी स्टँडाबाहेरची हातगाडी, ओल्या गोणपाटाखाली झाकलेल्या हिरवट बाटल्या, लाकडी ठोकळ्यावर सोडेवाल्याचा अंगठा दाबला की 'टॉक', आणि पाठोपाठ प्रश्न, "गोड, खारा की मिक्स?" सोडा पिण्यापेक्षा आतली गोटी कशी मिळेल याचीच पोरांना चिंता. ती मिळत नसे, कारण बाटली फोडायची कुणाची छाती नव्हती. हायरम कॉड नावाच्या इंग्रज माणसाने १८७२ साली या बाटलीचं पेटंट घेतलं. झाकण नाही, बूच नाही; आतल्या वायूनेच गोटी वर रेटायची आणि रबरी कड्यावर घट्ट बसवायची. मानेतल्या दोन खळग्या शोभेच्या नाहीत. ती बाजू खाली धरून ओतलं तर गोटी खळगीत अडकते. उलटी धरली तर गोटी तोंडाशी येऊन धार बंद. जाणती पोरं पहिल्या घोटातच ओळखू यायची.

त्या गाडीवरचा दुसरा तमाशा म्हणजे मसाला सोडा. चमचाभर काळं मीठ वरून पडायचं आणि ग्लास भसाभसा उतू जायचा. बघायला बहार, प्यायला नुकसान. मिठाच्या दर खरबरीत कणावर बुडबुडे धरतात, फुगतात आणि निसटतात. त्या दोन सेकंदांत सोड्यातला निम्मा जीव गाडीच्या पत्र्यावर सांडलेला असतो. घरी करताना हा तमाशा टाळावा. मीठ, साखर, जिरेपूड, काय असेल ते आधी लिंबाच्या रसात आणि चमचाभर पाण्यात पूर्ण विरघळवायचं. त्यावर बर्फ, आणि सगळ्यात शेवटी सोडा, ग्लास तिरपा धरून कडेने. मग लांब चमचा तळापर्यंत नेऊन एकदाच वर उचलायचा. ढवळायचं नाही. ढवळणाऱ्याला ताकाच्या कामाला लावावं.

सोडा गार हवा म्हणजे खरोखर गार हवा. नेहमीच्या दाबाखाली शून्य अंशाच्या एक लिटर पाण्यात कार्बन डायऑक्साइड सुमारे १.७ लिटर मावतो, वीस अंशाला जेमतेम ०.९. म्हणजे कपाटातली कोमट बाटली काढून "बर्फ घालू की" म्हणणारा माणूस निम्मे बुडबुडे ओतण्याआधीच देवाला वाहतो, आणि वर बर्फ वितळून पाणी होतं ते वेगळंच. बाटली आदल्या रात्रीच फ्रिजमध्ये आडवी झालेली असावी. ग्लास उंच आणि अरुंद. आणि तो नव्या पंचाने पुसू नये, कारण पंचाचे तंतू काचेला चिकटतात आणि प्रत्येक तंतू मिठाच्या कणाचंच काम करतो.

मिक्सर या शब्दाची आपल्याकडे गंमतच आहे. घरात मिक्सर म्हणजे चटणीचा. बारवाल्यांच्या बोलीत मिक्सर म्हणजे सोडा, टॉनिक, जिंजर एल, दारूत जे ओततात ते सगळं. दोघांत साम्य एवढंच, की झाकण नीट सांभाळलं नाही तर ऐवज छतापर्यंत जातो. पण दारू ग्लासातून काढून टाकली की हा दुसरा मिक्सर एकदम उघडा पडतो. व्हिस्कीखाली कसलाही सोडा खपून जातो. नुसता प्यायचा म्हटला की तो बसका आहे की धारदार, हे पहिल्या घोटाला कळतं.

आणि इथेच न पिणाऱ्यांवर पिढ्यान्‌पिढ्या अन्याय झालेला आहे. पार्टीत पिणाऱ्यांसाठी काचेचे ग्लास, बर्फाची बादली, चिमटा. "तुम्ही घेत नाही ना?" असं म्हणून दुसऱ्याच्या हातात कागदी कपात नारिंगी कोल्ड्रिंक, लहान मुलांच्या रांगेतलं. लग्नाच्या हॉलमधलं निळं मॉकटेल त्याहून वाईट: साखरेचा पाक, खायचा रंग आणि कडेला एक दीनवाणी चेरी. दोन घोटांत तोंड चिकट होतं आणि उरलेला ग्लास खुर्चीखाली जातो.

गोडी हाच त्याचा रोग. दारूने पेयाला नशेखेरीज बरंच काही दिलेलं असतं: घशाची जळजळ, थोडा कडूपणा, वास वर आणण्याची ताकद, आणि घोट गिळल्यावर मागे राहणारी चव. तिच्या जागी साखर ओतली तर यातलं काहीच परत येत नाही. जळजळ आल्यातून किंवा मिरचीतून आणावी लागते, कडूपणा टॉनिकमधून, आणि जिभेवरची ती तुरट पकड चहातून. लिटरभर गार पाण्यात १० ग्रॅम पानांचा चहा टाकून सहा ते आठ तास फ्रिजमध्ये ठेवावा आणि गाळावा. उकळून गार केला तर गढुळतो. रोजची चहापूड मात्र इथे नको. ती दुधाशी भांडायला बनवलेली असते, लिंबाशी तिचं जमत नाही.

टॉनिक म्हणजे सोडा नव्हे, हे दुकानदारालाही अनेकदा सांगावं लागतं. त्यात क्विनीन असतं, सिंकोना झाडाच्या सालीतलं, हिवतापावरचं जुनं औषध. लंडनमधल्या इरॅस्मस बाँडने १८५८ साली टॉनिकचं पेटंट घेतलं, आणि पुढे हिंदुस्थानातल्या गोऱ्या साहेबांनी कडू औषध घशाखाली जावं म्हणून त्यात जिन ओतायची सबब शोधली. अतिनील दिव्याखाली टॉनिक निळं चमकतं, तेही क्विनीनमुळेच. लग्नातल्या त्या निळ्या मॉकटेलपेक्षा हा निळा कितीतरी खानदानी. मात्र टॉनिक कडू लागतं म्हणून त्यात साखर नसते असं समजू नये. साध्या टॉनिकच्या १०० मिलिलिटरमध्ये साधारण ८-९ ग्रॅम साखर असते. म्हणून त्यात वरून पाक घालणं हा शुद्ध अविचार. जास्तच कडू वाटलं तर मीठ. २० ग्रॅम मीठ ८० मिलिलिटर पाण्यात विरघळवून औषधाच्या ड्रॉपरच्या बाटलीत भरून ठेवावं आणि ग्लासात दोन-तीन थेंब टाकावेत. खारट लागत नाही, कडूपणा मात्र मऊ होतो. कैरीला आणि पेरूला आपण मीठ लावतो, तसंच हे.

या टॉनिकची आपल्या कोकणाशी सोयरीक जुळते ती आगळामुळे. अमृत कोकम नव्हे, ते आधीच साखरेत बुडालेलं असतं. आगळ म्हणजे पिकलेल्या कोकमाचा खारवलेला रस, सोलकढीचा. उंच ग्लासात १५ मिलिलिटर आगळ, म्हणजे तीन छोटे चमचे, ग्लास भरून बर्फ आणि वरून १५० मिलिलिटर गार टॉनिक. आगळ जड, ते तळाशी जांभळं-लाल बसून राहतं. एकदा चमचा उचलला की रंग धुरासारखा वर चढतो. मीठ आगळात असतंच, ते थेंब इथे विसरावेत. कढीपत्त्याची एक डहाळी तळहातावर आपटून वर खोवावी. आंबट, कडू, खारट आणि मागून थोडं गोड. तीन चमच्यांचे चार केले की मात्र गाडी सोलकढीकडे घसरते, आणि मग भात मागितला जातो.

आल्याचं काम जरा सोशिक. १०० ग्रॅम आलं किसून फडक्यातून पिळावं, रस दहा मिनिटं स्थिर ठेवावा. तळाशी पांढरा साका बसतो, तो पिठूळ लागतो. वरचा रस तेवढा अलगद ओतून घ्यावा. त्यात वजनाने तेवढीच साखर, न उकळता ढवळून विरघळवलेली. उकळलं की आल्याचा तिखटपणा मवाळ होतो आणि आलेपाकाची चव येते, जी आलेपाकातच बरी. हा पाक २० मिलिलिटर, एका कागदी लिंबाचा रस, म्हणजे १५-२० मिलिलिटर, आणि १२० मिलिलिटर सोडा. बर्फ घालण्याआधी चाखाल तर हे मिश्रण जरा जास्तच तिखट-आंबट-गोड वाटायला हवं. थंडीत जीभ गोडी कमी ओळखते आणि बर्फ पाणी सोडतोच. आधीच बेताचं लागलं तर पाच मिनिटांनी फिक्कं पाणी हातात राहतं.

वर फेस हवा असेल तर काबुली चणे शिजवल्याचं पाणी जपून ठेवावं. मीठ-सोडा न घालता शिजवलेल्या चण्यांचं, अंड्याच्या पांढऱ्यासारखं बुळबुळीत होईस्तोवर आटवलेलं. त्यातलं २५ मिलिलिटर आल्या-लिंबाबरोबर बरणीत घालून आधी बर्फाशिवाय, मग बर्फ टाकून खडखडून हलवायचं. सोडा या बरणीत कधीही नाही, तो ग्लासातच. ज्याने तो बरणीत घातला त्याच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर त्याची नोंद सापडते. पाहुण्यांना चण्याचं नाव फेसाचं कौतुक करून झाल्यावर सांगावं.

घेणाऱ्यांसाठीही हलकं काही करता येतं. ४२.८ टक्क्यांची जिन ३० मिलिलिटर आणि टॉनिक १५० धरलं, तर ग्लास सात टक्क्यांचा होतो. जिन १५ आणि टॉनिक १६५ केलं तर साडेतीनचा. ती १५ मिलिलिटर तळाशी न ओतता शेवटी वरून सोडावी. पहिल्या घोटाला नाकाशी सगळा वास येतो आणि जीभ फसते. गोव्यात हा हलकेपणा ऋतूच आणून देतो. काजूच्या हंगामात पहिल्या धारेचा उर्राक निघतो, साधारण १५ टक्क्यांचा. लिम्का, चिमूटभर मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची घालून तो दुपारीच संपतो. त्याच्याही आधीचा नीरो तर दारूच नव्हे. तुडवलेल्या काजूबोंडांच्या चोथ्यावर वजन ठेवून रात्रभर ठिबकलेला तो निव्वळ रस. काही तासांत आंबायला लागतो, म्हणून तो गावाबाहेर पोचत नाही. ज्याला मिळाला त्याने ९० मिलिलिटर नीरो, आल्याच्या रसाचे काही थेंब, मिठाचे तीन थेंब आणि थोडा सोडा एवढंच करावं. लिंबू नको; बोंडाचा तुरटपणा पुरेसा आहे.

एक मात्र सांभाळावं. छोट्या बाटलीतले कडू अर्क, बिटर्स म्हणतात ते, बहुतेक चाळीस टक्क्यांच्या पुढचे असतात. दोन थेंबांनी कोणाला चढत नाही हे खरं. पण ज्याने शपथ घेतलेली आहे किंवा ज्याने मोठ्या कष्टाने सोडलेली आहे, त्याला न सांगता ते घालू नयेत. तिथे गंमत नाही.

आता उरली ती अर्धी बाटली. पोट दाबून, हवा काढून झाकण लावणारे लोक प्रत्येक घरात असतात आणि ते फार आत्मविश्वासाने दाबतात. दाबलेली प्लास्टिकची बाटली रात्रीत पुन्हा फुगते, आणि ती फुगते सोड्यातूनच निघालेल्या वायूने. म्हणजे दाबून आपण त्याला बाहेर यायला जागाच करून दिलेली असते. घट्ट झाकण आणि फ्रिजचा तळ, एवढंच करता येतं. नाहीतर सोडा अजून थोडा जिवंत आहे तोवर भज्यांचं पीठ त्यातच भिजवावं. भजी खुसखुशीत होतात. मग चहा टाकावाच लागतो, तो उकळलेलाच, आणि सरबताचे ग्लास तसेच ओट्यावर राहतात.