टोमॅटोची रोपं ताडमाड का झाली

पाचव्या दिवशी टोमॅटो उगवले आणि दहाव्या दिवशी बोटभर उंच झाले, तेव्हा मी कौतुकाने सगळ्यांना बोलावून दाखवलं. सासूबाईंनी चष्मा लावला, कप उचलून पाहिला आणि म्हणाल्या, "अगं, ही वाढलेली नाहीत, उजेडासाठी ताणलेली आहेत."

ऑगस्ट होता, इंदूरला आठवडाभर झड लागलेली. पावसाच्या भीतीने दह्याचे कप स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवले होते. तिच्यासमोर चार हातांवर शेजारच्या इमारतीची भिंत. देठ पांढुरके, सुतळीसारखे, टोकाला दोनच पानं, आणि सगळ्यांच्या माना खिडकीकडे. कप फिरवून ठेवला की दुसऱ्या दिवशी मान परत तिकडेच. अंधाराच्या बाजूला ऑक्सिन हे वाढीचं संप्रेरक जास्त साठतं, तिथल्या पेशी लांबतात, म्हणून देठ वाकतो. उजेड कमी आणि शेगडीची ऊब जास्त, मग रोप नुसतं उंच होत जातं. शिवाय बी उगवल्यावरही मी दोन दिवस वरचं प्लास्टिक काढलं नव्हतं.

चूक कळल्यावर दुसरी चूक केली. ऊन पडलं त्या सकाळी सगळे कप थेट गच्चीवर नेले. दुपारी बाराला अर्धी रोपं आडवी.

उरलेल्यांवर २० वॉटची एलईडी ट्यूब टांगली, पानांपासून वीतभरही अंतर नाही, रोज १४ तास. सकाळी चहा उकळेपर्यंत शेंड्यांवरून अलगद हात फिरवायचा. वाऱ्यासारखा धक्का बसला की देठ आखूड आणि जाड होतो. बियांतून निघालेल्या पहिल्या दोन पानांनंतरची खरी पानं आल्यावर रोपं मोठ्या कपांत हलवली, त्या पहिल्या दोन पानांपर्यंत मातीत पुरून. टोमॅटोच्या देठाला मुळं फुटतात, त्यामुळे ती लांबी वाया गेली नाही. धरायचं मात्र पानाला. पान तुटलं तर नवं येतं, देठ चेमटला की रोप गेलं.

मिरच्याही तशाच पुरल्या. ओल्या मातीत देठ कुजले, एकही वाचली नाही. त्या पुन्हा पेरल्या, या वेळी गच्चीवर हिरव्या जाळीखाली.

टोमॅटोंना आधी अर्धा तास कोवळं ऊन, मग रोज थोडं वाढवत आठ दिवस. अनंत चतुर्दशीच्या रात्री सगळे झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले रोषणाईचे देखावे, बघायला राजवाड्याकडे गेले, तेव्हा गच्चीवर अकरा कप उभे होते. सकाळी नऊच. दोन सासूबाईंनी शेजारच्या काकूंना देऊन टाकले होते, तेही नेमके जाड देठाचे.