एअरफ्लोमधील सामायिक व्हेरिएबल्स एपीआयने बदलताना: माझा अनुभव

आमच्या विभागात डेटा गोळा करणे, तो तपासणे आणि त्यावरून अहवाल तयार करणे ही कामे अपाचे एअरफ्लो या वर्कफ्लो ऑटोमेशन प्लॅटफॉर्मवर चालतात. तेथील बहुतेक वर्कफ्लोंना, म्हणजे डॅगना, काही व्हॅल्यू एकसारख्या लागतात: डेटा कोणत्या तारखेपर्यंतचा घ्यायचा, एका वेळी किती नोंदी उचलायच्या, तयार फाइल्स कोणत्या फोल्डरमध्ये ठेवायच्या आणि कोणती टेबल्स सध्या वगळायची. या व्हॅल्यू सामायिक व्हेरिएबल्समध्ये ठेवलेल्या होत्या आणि कोणीतरी अ‍ॅडमिन मेनूतील पानावर जाऊन त्या हाताने बदलत असे. त्यांतली तारीख मात्र मुळात दुसऱ्याच एका प्रणालीत ठरते, आणि एका पडद्यावरून वाचून ती दुसऱ्या पडद्यावर लिहिण्यासाठी रोज एक माणूस अडकवून ठेवणे मला योग्य वाटेना. म्हणून हे काम एपीआयमार्फत, म्हणजे प्रोग्रॅममधून एअरफ्लोला थेट विनंत्या पाठवून, करण्याची जबाबदारी मी घेतली.

एअरफ्लोचे काम एअरबीएनबीमध्ये २०१४ साली सुरू झाले. स्थिर म्हणता येईल असा रेस्ट (वेबवरील विनंत्यांनी चालणारा) एपीआय मात्र त्यात डिसेंबर २०२० मधील २.० या आवृत्तीबरोबर आला. त्याआधीचा एपीआय प्रायोगिक होता आणि त्याचे पत्ते वेगळे होते, त्यामुळे इंटरनेटवर सापडणारी जुनी उदाहरणे जशीच्या तशी चालत नाहीत. आम्ही दुसऱ्या पिढीतील आवृत्ती वापरत असल्याने मी केवळ तिच्याच अधिकृत दस्तऐवजाचा आधार घेतला.

पहिला अडथळा ओळख पटवण्याचा होता. ब्राउझरमध्ये लॉग-इन केलेले असताना एपीआयचे पान व्यवस्थित उत्तर देत होते, पण तीच विनंती स्क्रिप्टमधून पाठवली की ४०१ हा कोड येत असे. कारण सरळ होते: आमच्या मांडणीत एपीआय फक्त ब्राउझरचे सेशन मान्य करत होता, आणि नाव व पासवर्ड विनंतीबरोबर पाठवायचे असतील तर तो मार्ग सेटिंगमध्ये वेगळा चालू करावा लागतो. तो चालू केल्यावर ४०१ च्या जागी ४०३ आला, म्हणजे ओळख पटली पण अधिकार नव्हता. येथे अ‍ॅडमिनचे खाते वापरून मोकळे होणे सोपे होते. मी मात्र स्क्रिप्टसाठी स्वतंत्र खाते मागितले आणि त्याला व्हेरिएबल वाचण्याचा व बदलण्याचा अधिकार असलेली नवी भूमिका देण्याचा आग्रह धरला. नवे व्हेरिएबल तयार करण्याचा किंवा असलेले पुसण्याचा अधिकार त्या भूमिकेत ठेवला नाही. रात्री कोणी पाहत नसताना चालणाऱ्या स्क्रिप्टच्या हाती गरजेपुरतीच सत्ता असावी, याबाबत मी आजही तडजोड करत नाही.

यानंतर मी सगळी व्हेरिएबल्स वाचून त्यांची यादी काढली. यादीची विनंती एका वेळी जास्तीत जास्त १०० नोंदी देते आणि एकूण संख्या उत्तराच्या शेवटी वेगळ्या रकान्यात सांगते. ही एकूण संख्या पाहून पुढच्या नोंदी मागवत राहिले नाही, तर शंभराच्या पुढची व्हेरिएबल्स अस्तित्वातच नाहीत असा समज होतो. वरची मर्यादा सर्व्हरच्या सेटिंगमध्ये वाढवता येते, पण पानापानाने वाचणे हाच चांगला मार्ग आहे.

प्रत्यक्ष बदलासाठी पॅच, म्हणजे असलेली नोंद बदलण्याची विनंती, व्हेरिएबलच्या नावासह पाठवायची असते. तिच्या मजकुरात व्हॅल्यूबरोबर नावही पुन्हा द्यावे लागते आणि ते पत्त्यातील नावाशी जुळले नाही तर ४००, म्हणजे चुकीच्या विनंतीचा कोड, येतो. ही पुनरुक्ती सुरुवातीला अनावश्यक वाटते, पण चुकीच्या व्हेरिएबलवर लिहिले जाण्याचा धोका तिने टळतो. पोस्ट, म्हणजे नवे व्हेरिएबल तयार करण्याची विनंती, त्याच नावाने पाठवल्यास मात्र त्रुटी येत नाही आणि असलेली व्हॅल्यू नकळत पुसली जाते. आणखी एक बाब अशी की, व्हॅल्यू ही अखेर एक स्ट्रिंग, म्हणजे अक्षरांची ओळ, असते. वगळायच्या टेबल्सची यादी जेसन या डेटा लिहिण्याच्या ठरावीक रचनेत होती. ती थेट न देता आधी जेसनची स्ट्रिंग करून, आतली अवतरणचिन्हे सांभाळून पाठवावी लागली, आणि वाचणाऱ्या डॅगमध्ये ती जेसन म्हणून उलगडण्याची सूचना असल्याची खात्री करावी लागली. अशी सूचना नसलेला डॅग त्या यादीला अक्षरांची एक लांब ओळ समजतो आणि मग तीत टेबलचे नाव शोधताना अर्धवट जुळणारी नावेही ‘सापडतात’.

येथपर्यंत सगळे दस्तऐवजात लिहिल्याप्रमाणे झाले. खरा प्रश्न त्यानंतर उभा राहिला. नोंदींच्या संख्येचे व्हेरिएबल मी पॅचने बदलले, २०० हा यशाचा कोड आला, उत्तरात नवी व्हॅल्यू होती, अ‍ॅडमिनच्या पानावरही नवीच दिसत होती. मात्र रात्री चाललेल्या टास्कच्या (डॅगमधील एका टप्प्याच्या) लॉगमध्ये जुनीच संख्या छापली गेली होती. पुन्हा लिहिले, पुन्हा वाचले, एपीआय दर वेळी नवी व्हॅल्यू सांगत राहिला आणि टास्क जुनी.

उत्तर एअरफ्लो व्हेरिएबल कोठे शोधतो या क्रमात होते. डॅग जेव्हा व्हेरिएबल मागतो तेव्हा एअरफ्लो सर्वांत आधी गोपनीय माहितीच्या बाहेरील साठ्यात पाहतो, तसा साठा जोडलेला असेल तर; नंतर तो त्या यंत्रावरील एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्समध्ये (यंत्राच्या मांडणीतून प्रोग्रॅमला मिळणाऱ्या व्हॅल्यूंमध्ये) पाहतो; आणि तेथेही न सापडल्यास शेवटी स्वतःच्या डेटाबेसकडे जातो. एपीआय आणि अ‍ॅडमिनचे पान ही दोन्ही मात्र केवळ या शेवटच्या जागेशी, डेटाबेसशी, व्यवहार करतात. टास्क प्रत्यक्ष चालवणाऱ्या आमच्या वर्कर यंत्रांच्या मांडणीच्या फाइलमध्ये, एअरफ्लो ज्या उपसर्गावरून आपली व्हेरिएबल्स ओळखतो तोच उपसर्ग लावून, नोंदींची संख्या पूर्वीपासून लिहिलेली होती. ती पानावर दिसत नाही, यादीत येत नाही, आणि तरीही तिचाच शब्द शेवटचा ठरतो. हे वर्तन दस्तऐवजात स्पष्ट लिहिलेले आहे आणि त्यामागचा हेतूही रास्त आहे, कारण चाचणीच्या यंत्रावर डेटाबेसला हात न लावता वेगळी व्हॅल्यू देता येते.

ती ओळ काढून वर्कर पुन्हा सुरू केल्यावर प्रश्न सुटला, पण ‘यश’ या उत्तरावर विसंबण्याची माझी तयारी उरली नाही. व्हॅल्यू साठवली गेली एवढेच २०० सांगतो. टास्क कोणती व्हॅल्यू वाचणार हे तो सांगू शकत नाही. म्हणून मी तपासणीसाठी एक छोटा डॅग लिहिला. त्याला व्हेरिएबलचे नाव दिले की तो वर्करवर चालून ती व्हॅल्यू वाचतो आणि एक्सकॉममध्ये, म्हणजे टास्कने परत दिलेल्या व्हॅल्यूच्या नोंदीत, ठेवतो. माझी स्क्रिप्ट पॅच पाठवल्यावर एपीआयमधूनच हा डॅग चालवते, तो संपेपर्यंत त्याची स्थिती विचारत राहते, एक्सकॉममधील नोंद वाचते आणि ती पाठवलेल्या व्हॅल्यूशी अक्षरशः जुळली तरच बदल झाला असे मानते. यात थोडा वेळ जातो, तो जाऊ द्यावा. गोपनीय व्हॅल्यू मात्र या मार्गाने तपासू नयेत, कारण एक्सकॉममधील नोंद इतरांनाही वाचता येते.

बदल लागू कधी होतो हा याहून नाजूक विषय आहे, आणि माझा बराचसा विचार त्यावरच खर्च झाला. काही डॅगमध्ये व्हेरिएबल फाइलच्या वरच्या भागात, टास्कच्या बाहेर वाचलेले होते. एअरफ्लो या फाइल्स पुन्हा पुन्हा वाचतो, मूळ सेटिंगनुसार साधारण ३० सेकंदांच्या अंतराने, आणि प्रत्येक वाचनात डेटाबेसकडे एक फेरी होते. त्यामुळे कोणताही डॅग चालू नसतानाही डेटाबेसवर भार राहतो. तेथून वाचन काढून टास्कच्या आत किंवा टेम्प्लेटमध्ये (टास्क सुरू होताना भरल्या जाणाऱ्या मजकुरात) नेले की भार कमी होतो आणि टास्क सुरू होताना ताजी व्हॅल्यू मिळते. पण याच ताजेपणामुळे दुसरी अडचण निर्माण होते. समजा, एका रनमध्ये, म्हणजे डॅग एकदा चालत असताना, पहिल्या टास्कने जुन्या तारखेपर्यंतच्या नोंदी उचलल्या, त्यानंतर एपीआयने तारीख बदलली, आणि तिसऱ्या टास्कने नव्या तारखेनुसार बेरीज तपासली. मग दोन्ही टास्क आपापल्या जागी बरोबर असूनही अहवाल चुकतो. महिन्यापूर्वीचा रन दुरुस्तीसाठी पुन्हा चालवला तर तो आजची तारीख वाचतो, हे तर अधिकच घातक आहे.

मला असे ठामपणे वाटते की एखाद्या रनची ओळख ज्या व्हॅल्यूवर अवलंबून आहे ती सामायिक व्हेरिएबलमध्ये असूच नये. म्हणून तारीख आम्ही व्हेरिएबलमधून काढली. आता स्क्रिप्ट डॅग चालवण्याच्या विनंतीतच ती तारीख कॉन्फ, म्हणजे त्या रनपुरती दिलेली माहिती, म्हणून पाठवते. ती त्या रनबरोबर कायमची नोंदवली जाते आणि रन केव्हाही पुन्हा चालवला तरी तीच राहते. ज्या कामासाठी एपीआय जोडायचा ठरवला होता, त्याच व्हॅल्यूला व्हेरिएबलची गरज उरली नाही, आणि हा बदल मला सर्वांत समाधान देणारा वाटतो.

वगळायच्या टेबल्सची यादी मात्र खरोखरच सामायिक होती. दोन वेगवेगळे डॅग तीत नावे घालत व काढत असत: यादी वाचायची, तीत फेरफार करायचा आणि पूर्ण यादी परत लिहायची. दोघांनी एकाच सुमारास वाचले तर नंतर लिहिणाऱ्याची यादी टिकते आणि आधीच्याचा फेरफार कोणतीही त्रुटी न दाखवता नाहीसा होतो. काही एपीआयमध्ये ईटॅग (नोंदीच्या आवृत्तीची खूण) देऊन ‘मी वाचल्यानंतर हे बदलले नसेल तरच लिही’ असे सांगता येते. व्हेरिएबलच्या या विनंतीत मला तशी सोय मिळाली नाही. म्हणून लिहिण्याचे काम एकाच टास्ककडे दिले, त्याच्यासाठी एकच जागा असलेला पूल (एका वेळी किती टास्क चालतील यावरची मर्यादा) ठेवला, आणि इतर डॅग आपले म्हणणे त्या टास्कपर्यंत कॉन्फमधून पोहोचवतात.

प्रत्येक बदलाआधीची व्हॅल्यू, नंतरची व्हॅल्यू, वेळ आणि बदल मागणाऱ्या कामाचे नाव स्क्रिप्ट एका फाइलमध्ये लिहिते, कारण व्हेरिएबलच्या नोंदीत मागील व्हॅल्यू राहत नाही. परत फिरायचे झाल्यास तीच फाइल उपयोगी पडते, आणि तशी वेळ आलीही आहे. फोल्डरचा पत्ता सांगणारे व्हेरिएबल मी एपीआयच्या कक्षेबाहेर ठेवले आहे. तो क्वचितच बदलतो, बदलला की अनेक डॅगवर एकदम परिणाम होतो, आणि त्या वेळी एका माणसाने पान उघडून, दुसऱ्याला दाखवून तो बदल करावा असेच आम्ही ठरवले आहे.