ऑलिव्हच्या बुंध्याशी रानभाजी

यायाने पिशवी उलटी केली आणि माझी निम्मी भाजी बांधाबाहेर भिरकावून दिली.

याया म्हणजे ग्रीकमध्ये आजी. माझी सख्खी नव्हे, घरमालकिणीची आई. पण क्रीटमधल्या हानिया शहराजवळच्या आमच्या या गावात लहानथोर सगळे तिला यायाच म्हणतात.

ग्रीसच्या या क्रीट बेटावर पाऊस हिवाळ्यात पडतो. त्यामुळे आपल्या टाकळा-भारंगीचा जो आषाढ, तो इथला फेब्रुवारी-मार्च. तोवर ऑलिव्हची तोड उरकलेली असते, झाडांखालची जाळी गुंडाळलेली असतात आणि मोकळ्या जमिनीवर नुसता दंगा चालू असतो. सगळ्यात जास्त पिवळीजर्द ऑक्झॅलिस, आपल्या आंबुशीची थोराड बहीण. देठ चावला की तीच आंबट चव. ही मूळची दक्षिण आफ्रिकेची पाहुणी, पण आता तिला हुसकायची कुणाची टाप नाही. मधूनमधून जांभळी अ‍ॅनिमोनी, लाल पॉपी. आणि नीट बघितलं तर वीतभर उंचीचं ओफ्रिस ऑर्किड! त्याचं फूल मादी मधमाशीसारखं दिसतं, वासही तसाच. नर येऊन फसतो आणि पराग घेऊन जातो. मी अर्धा तास गुडघे टेकून फोटो काढत बसले. याया फुलांकडे ढुंकूनही बघत नाही.

तिचं सगळं लक्ष 'खोर्ता'वर. ग्रीकमध्ये गवत आणि रानातली पालेभाजी, दोन्हींना हाच शब्द. बोटभर पात्याचा सुरा ती मातीत किंचित खुपसते आणि गड्डा मुळाच्या तोंडाशी कापते. पानं विखरत नाहीत. मी मुळासकट उपटत होते, म्हणून आधी हातावर चापटी बसली. झोखोस ओळखायला मला सोपा गेला: थेट पाथरीचा भाऊबंद, मोडला की पांढरा चीक. रादिकिया कडू. माराथोस म्हणजे रानबडीशेप, तिच्या कोवळ्या पाल्याच्या पोळ्या करतात. मॅरॅथॉन गावाचं नावही हिच्यावरूनच पडलं म्हणे.

फेकलेल्यात होती रुंद, हिरवीगार, तुकतुकीत पानं. मला वाटलं, काय कोवळी आहेत! निघाला आपल्या कोळकांद्याच्या कुळातला कांदा, विषारी. पलीकडच्या बागेत भाजी दिसत होती, तिथे मात्र तिने पाऊलच टाकू दिलं नाही. कडेचं गवत तांबूस करपलेलं होतं. तणनाशक मारलं होतं.

घरी भाजी चार पाण्यांनी धुतली, मऊ उकडली, निथळली. वर मीठ, लिंबू आणि ऑलिव्ह तेल. संपलं. उकडलेलं पाणीसुद्धा लिंबू पिळून प्यायला दिलं.

मला काही राहवेना. दुसऱ्या दिवशी उरलेल्या भाजीला मोहरी, लसूण आणि सुक्या मिरचीची फोडणी घातली आणि डबा घेऊन गेले. यायाने एक घास खाल्ला, सावकाश चावला. मी वाट बघत उभी.

"तेल कमी पडलंय," ती म्हणाली, आणि बुधला उचलला.