लूप टिकला, आता खारं पाणी

छोट्या हत्तीच्या स्टेपनीचा लूप पावसात टिकला. लूप म्हणजे स्टेपनी चोरीला जाऊ नये म्हणून तिच्या साखळीतून ओवलेली अलार्मची तार; ती कापली की सायरन. रात्रभर झोडपत होता, गाडी उघड्यावर, खाली लाल चिखलाचं डबकं, आणि सायरन एकदाही खोटा बोंबलला नाही. मागची नोंद ज्यांनी वाचली असेल त्यांना या वाक्याची किंमत कळेल. मृगाच्या पहिल्या सरीपासून हा सायरन रात्री-अपरात्री वाजत होता. शेजारीपाजारी आधी टॉर्च घेऊन धावत आले, मग खिडकीतूनच ओरडायला लागले, आणि शेवटी शेवटी तर कूस बदलून झोपायला लागले. लांडगा आला रे आला! "दादा, आता खराच चोर आला तरी कोणी उठणार नाही," असं बंधुराजांनी तोंडावर सुनावलं. गाडी त्यांची, त्यामुळे ऐकून घेणं भाग होतं.

गाडी तीच, जुनी टाटा एस, दोन सिलिंडरचं ७०२ सीसी डिझेल. एरवी रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावरून मासळी उचलते. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी, म्हणजे हे दोन महिने ती रस्त्याच्या कडेला नुसती उभी. बॅटरी हौद्याखाली बाजूला, स्टेपनी मागे चॅसिसखाली. चोराला ना काच फोडायची, ना दार उघडायचं. बॅटरीच्या वजनात निम्म्याहून जास्त शिसं असतं आणि ते भंगारात हातोहात खपतं. स्टेपनीला तर गिऱ्हाईक शोधावंच लागत नाही, प्रत्येक छोट्या हत्तीवाल्याला एक हवीच असते.

चोराला खोलता येऊ नयेत म्हणून नटांना वेल्डिंगचा टाका मारा, असं मागच्या नोंदीवर तिघाचौघांनी सुचवलं होतं. बॅटरीच्या पट्टीला मारलाय, पिंजराही केलाय, तिथे ठीक आहे. स्टेपनीला नाही. रात्री आंबा घाटात टायर बसला तर ड्रायव्हरने काय ग्राइंडर घेऊन फिरायचं? साखळी आणि कुलूप आहेच. कुलपावर जुन्या ट्यूबचा तुकडा झापडासारखा बांधलाय, त्यामुळे निदान पावसाळ्यात किल्ली फिरते. पण साखळी कापायला लागणारा वेळ हीच तिची सगळी ताकद. त्या वेळात कोणीतरी जागं व्हायला हवं, म्हणून हा लूपचा उद्योग.

आता मूळ दुखणं. लूपच्या मध्यावर, म्हणजे स्टेपनीच्या रिमपाशी, एक रेझिस्टर लपवलेला असतो, घरफोडीच्या अलार्म पॅनलमध्ये असतो तसाच. तार कापली की सर्किट उघडं, कोणी तारा जोडून फसवायला गेला की शॉर्ट. दोन्ही वेळेला आकडा बदलतो आणि चोरी कळते. असे अलार्म बनवणारे आपण बहुतेक सगळे इथे १०० के (किलोओहम) घालतो, कारण करंट कमी जातो. वरचा, सर्किटमधला रेझिस्टर १०० के, खालचा, लूपमधला १०० के, एडीसीवर (व्होल्टेजचा ० ते १०२३ मधला आकडा करणाऱ्या भागावर) ५१२ च्या आसपास आकडा. घरात टेबलावर झकास.

गाडीखाली मात्र कपलरमध्ये, म्हणजे तारांच्या सुटणाऱ्या जोडात, पाणी आणि चिखल बसला की त्याचाच एक रेझिस्टर तयार होतो. ओला कपलर सोडवून दोन पिनांमध्ये मीटर लावला तर ४५ के दाखवत होता. १०० के च्या जोडीला समांतर ४५ के आला की उरतात ३१ के, आणि आकडा ५१२ वरून थेट २४२ वर घसरतो. कोड म्हणतो, कोणीतरी तारा जोडल्या. बोंबल! ऊन पडलं, कपलर सुकला की पुन्हा ५१२. म्हणून सकाळी तपासायला जावं तर सगळं शहाण्यासारखं वागणार. या लपंडावाने जीव नकोसा केला होता.

हळूहळू सरकणाऱ्या आकड्याला सांभाळून घेणारा कोडही लिहून पाहिला. म्हणजे सरासरी धरायची, आकडा सावकाश घसरला तर पाऊस, झटकन घसरला तर चोर. कागदावर छान वाटतं. पण कोकणातला पाऊस सावकाश येत नाही, आणि हौद्यावरून ओघळ कपलरवर पडला की आकडा चोरासारखाच झटकन कोसळतो.

उपाय निघाला तो अगदी साधा. दोन्ही रेझिस्टर १ के केले. आता तेच ४५ के समांतर आले तरी ९७८ ओहम उरतात, आकडा ५१२ वरून ५०६. सहाने फरक! पाऊस पडला की नाही हे कळण्यापुरता. चालणाऱ्या आकड्यांची खिडकी ४०० ते ६२० ठेवलीय, ओळीने तीन वेळा बाहेर गेला तरच सायरन. सरासरीवाला सगळा कोड उडवला. काम करणारा कोड लिहिण्यापेक्षा न लागणारा कोड पुसण्यात जास्त समाधान आहे, मला तरी.

पण १ के म्हणजे दोन मिळून २ के, ३.३ व्होल्टवर सतत १.६५ मिलिअँपिअर. स्टेपनी, बॅटरी, टाकीचं झाकण असे तीन लूप धरले तर पाच मिलिअँपिअर, महिन्याला साडेतीन अँपिअर-अवर. ट्रकच्या बॅटरीला ते जड नाही, पण बॅटरीच पळवली तर सगळा खेळ आतल्या १८६५० या छोट्या लिथियम सेलवर चालायचाय. आणि खरा शत्रू वेगळाच निघाला. ओल्या कपलरमध्ये सतत डीसी सोडला की धन बाजूची पिन विरघळत जाते. जुना कपलर उघडला तेव्हा एक पिन जवळजवळ धडधाकट आणि दुसरी हिरव्या पिठाने भरलेली, नखाने टोकरली तर टोक तुटून हातात आलं. १०० के वर ही गत, तर १ के वर किती दिवस निघणार?

म्हणून आता लूपला सतत व्होल्टेज देतच नाही. एटीटायनी ८५ हा मायक्रोकंट्रोलर वॉचडॉग टायमर लावून झोपतो, सेकंदाला एकदा जागा होतो, एका पिनवरून दोन मिलिसेकंद लूपला करंट देतो, आकडा वाचतो, पिन खाली करून पुन्हा झोपतो. सरासरी काढली तर लूपमागे साडेतीन मायक्रोअँपिअरसुद्धा लागत नाही, आणि पिन खायला वेळच मिळत नाही. एडीसीच्या पायाला १० के सिरीजमध्ये आणि जादा व्होल्टेज अडवणारा क्लॅम्प डायोड घालायला विसरू नका, कारण गाडीखाली लोंबणारी तार कधी ना कधी १२ व्होल्टला शिवणारच.

गाडीचे १२ व्होल्ट ३.३ वर उतरवणाऱ्या रेग्युलेटरबद्दल विचारणा झाली होती. एएमएस १११७ नको, तो नुसता बसून पाच मिलिअँपिअर खातो. एचटी ७३३३ आवडता असला तरी त्याची मर्यादा १२ व्होल्ट, आणि चालू गाडीत १४.४ सहज जातात. एचटी ७५३३ घ्या, २४ पर्यंत चालतो, बसल्या जागी दोन-अडीच मायक्रोअँपिअरवर भागतं. पुढे एक टीव्हीएस डायोड टाका, अल्टरनेटरच्या उसळ्या त्याच्या अंगावर जाऊ देत. यातला अर्धा माल ऑनलाइन मागवला होता. एका दुकानाने ७५३३ सांगून भलतंच काही पाठवलं, छापील नंबर बोटाने पुसला जात होता! मुंबईत लॅमिंग्टन रोडला दुकानदार वैतागून देईल, पण समोर मीटर लावून घेता येतं.

तारेबद्दलही एक शोध. आधी साधी ऑटो वायर होती, ती नखाने कापली जाईल अशी. आता कपडे वाळत घालायची प्लॅस्टिकचं आवरण असलेली तार वापरलीय. हार्डवेअरच्या दुकानात मीटरवर मिळते, आत लोखंड असल्यामुळे पक्कड लावूनही सहज तुटत नाही, आणि साखळीच्या कड्यांमधून ओवली की दिसतच नाही. अडचण एकच, लोखंडाला साधा डाख धरत नाही. तांब्याची नळी दाबून क्रिम्प करा, वरून आतून गोंद असलेली स्लीव्ह गरम करून बसवा. क्रिम्पिंगचा पाना मात्र रॅचेटचाच घ्या. पकडीने चेपलेला जोड मला पावसाळ्यात एकही टिकलेला दिसला नाही. जोडावर सिलिकॉन ग्रीस. व्हॅसलिनचे भक्त पुष्कळ आहेत, बॅटरीच्या टर्मिनलला तेही लावतो, पण ते उन्हाळ्यात पातळ होऊन ओघळतं.

मग परीक्षा. ओळखीच्या गॅरेजमधल्या पोराला सांगितलं, स्टेपनी चोरून दाखव, चहा-वडापाव माझ्याकडून. पोरगं हुशार. गाडीखाली सरपटत गेलं, तार पाहिली, साखळी हलवलीसुद्धा नाही. ब्लेडने दोन्ही तारांचं आवरण खरवडलं, खिशातून क्लिपवाली वायर काढली आणि कापायच्या आधी दोन्ही तारा जोडल्या. रेझिस्टर त्या जोडाच्या पलीकडे, रिमपाशी, म्हणजे आकडा थेट शून्याकडे. तीन सेकंदांनी सायरन. आत घुमतो तेव्हा गाडीखालचा माणूस डोकं आपटतो हे नवीन कळलं. पोरगं हसत बाहेर आलं आणि म्हणालं, "काका, एकाच तारेला दोन जागी सोलून मधला तुकडा कापला असता तर?" तर लूप फसला असता. रेझिस्टर जागच्या जागी राहिला असता आणि एटीटायनीला काहीच कळलं नसतं. एवढी अक्कल आणि एवढी लांब जंपर असलेल्या चोराला मी स्टेपनी द्यायला तयार आहे. बंधुराज तयार नाहीत, म्हणून आता तार साखळीतून दोनदा फिरवून, कुठली जाणारी आणि कुठली येणारी ते कळू नये अशी गुंतवलीय.

हे सगळं गोड्या पाण्याचं झालं. १ ऑगस्टला गाडी पुन्हा बंदरावर जाणार आणि हौद्यातून बर्फाचं खारं पाणी टपकत राहणार. म्हणून बादलीत मीठ कालवून कपलरवर ओतून पाहिलं. मीटर ३.३ के वर आला. १ के च्या जोडीला तो धरला की आकडा ४४४. खिडकी ४०० पासून, म्हणजे वाचलो, पण काठावर. रोज मीठ साचत गेलं तर?

लिहिता लिहिताच ठरतंय, ४७० ओहम लावतो. तोच खारा कपलर तेव्हा ४७७ च्या आसपास दाखवेल. करंट होतो साडेतीन मिलिअँपिअर, एटीटायनीच्या पिनला काहीच नाही, आणि दोन मिलिसेकंदच असल्यामुळे सेललाही नाही. शिवाय गाडीखालचा कपलरच काढून टाकायचा. तार सलग केबिनपर्यंत आणायची, जोड सगळे सीटखाली कोरड्यात. स्टेपनी काढायची वेळ आली तर तार ओढून घ्यायची. त्यासाठी दोन हात जादा तार गुंडाळून ठेवायला लागेल. कपलरमध्ये घातलेले पैसे पाण्यात गेले, पण ते तसेही पाण्यातच होते.

चोरी झाली की मिसकॉल देणाऱ्या फोनच्या बाजूला फार काही नवीन नाही. सिम८००एल हे टूजी मॉड्यूल थेट १८६५० वर चालतं, ३.४ ते ४.४ व्होल्ट त्याला हवेच असतात, आणि दोन अँपिअरचा झटका सेल आणि १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर मिळून झेलतात. सेलचं चार्जिंग टीपी ४०५६ वरून, फक्त किल्ली फिरवल्यावर. टूजी अजून आहे म्हणून हे चाललंय; घाटात रेंज दगा देते आणि जिओवाल्यांना तर टूजी नाहीच. ए७६७०सी हे ४जी मॉड्यूल मागवून ठेवलंय. वर्षातून एखादा मिसकॉल देण्यासाठी दर २८ दिवसांनी रिचार्ज मारायचा, याचा मात्र मनस्ताप होतो.

आता सायलेन्सर. वाडीतल्या दूधवाल्याकडे मारुतीची ईको आहे, बीएस ६ मधली, आणि ईकोचे सायलेन्सर गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात आणि गुजरातेत किती गेले ते आपण वाचतोच. आतल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम. भुकटी करून विकतात. त्याला लूप हवाय. मी फायबरग्लासची स्लीव्ह, सिलिकॉनची वायर असा विचार करत होतो, कारण कन्व्हर्टरच्या जवळ पीव्हीसी वितळून जाईल.

पण कपलर काढून टाकायचं ठरलं तिथेच डोक्यात आलं, तिथे तार तरी कशाला? सायलेन्सर पुढे बोल्टने इंजिनला जोडलेला, इंजिन अर्थिंगच्या पट्टीने चॅसिसला. मागे तो नुसता रबरावर लटकतो. म्हणजे पाइप स्वतःच तार आहे! शेवटच्या टोकाला, जिथे पाइप फार तापत नाही, एक क्लॅम्प, त्याच्यापाशी ४७० ओहम, तिथून एकच वायर केबिनमध्ये. पुढचे बोल्ट सोडवा नाहीतर पाइप कापा, अर्थ तुटणार. वायर चॅसिसला टेकवून फसवायला गेलात तर रेझिस्टर बाद, आकडा शून्य. गरम भागाला हातच लावायचा नाही. स्टार्टर मारताना अर्थला झटका बसेल, पण तेव्हा सिस्टिम बंदच असते.

शंका एकाच जागी आहे, रबर. त्यात काजळी असते, ओलं आणि चिखलाने माखलेलं असेल तर त्यातूनही थोडा करंट वाहील. तो किती, हे सायलेन्सर पुढून सुटा केल्याशिवाय मोजता येत नाही, आणि दूधवाला गाडी एक दिवसही सोडायला तयार नाही. ज्यांचा सायलेन्सर या पावसाळ्यात कुठल्याही कामासाठी उतरणार असेल, त्यांनी पुढचे बोल्ट सोडल्यावर, मागची रबरं तशीच ठेवून, टेलपाइप आणि चॅसिसमध्ये मीटर लावावा आणि आकडा कळवावा. पेंट खरवडून, नागड्या लोखंडावर. ओला आणि सुका असे दोन्ही मिळाले तर उत्तम, आणि गाडी कुठली, रबरं कितपत जुनी तेही लिहा. काही किलोओहमच्या वर निघाला तर ईकोचं काम गणपतीआधी उरकतो.