आजींचं लाइट बिल: मीटर बरोबर, बिल चुकीचं

शेजारच्या आजींना ऐन थंडीत ४४३ युनिटचं बिल आलं. त्याआधीची तीन बिलं १२, १० आणि १५ युनिटची. घर म्हणजे सोलापूरच्या पूर्व भागातल्या जुन्या वाड्यातल्या दोन खोल्या; दोन पंखे, तीन एलईडी, टीव्ही, लहान फ्रिज. कूलर माळ्यावर. एरवीचा वापर महिन्याला ७०-८० युनिट. "एवढा करंट मी कुठं जाळला ओ?" हे त्यांचं म्हणणं रास्तच होतं.

अशा वेळी बहुतेक जण "मीटर फास्ट आहे" असा अर्ज देऊन मोकळे होतात. आम्ही तो दिला नाही. तपासणीची फी जाते, मीटर ठीक निघतो आणि मग तुमची दुसरी तक्रारही कुणी मनावर घेत नाही.

आधी बिलावरचं चालू रीडिंग मीटरशी ताडून पाहिलं. बरोबर होतं. मग महावितरणच्या साइटवर १२ अंकी ग्राहक क्रमांक टाकून मागची बिलं काढली, तेव्हा घोळ दिसला. तिन्ही महिने मीटरची स्थिती 'नॉर्मल', पण फोटोत मीटरच नाही. एका फोटोत तर दाराची कडी. म्हणजे आकडे अंदाजाने टाकलेले. 'दार बंद' अशी नोंद झाली असती तर सरासरीचं बिल आलं असतं आणि खरं रीडिंग मिळाल्यावर युनिट त्या त्या महिन्यांत वाटले गेले असते. 'नॉर्मल' लिहिलं की कॉम्प्युटरच्या लेखी ते ४४३ युनिट एकाच महिन्यात जळालेले.

फरक युनिटपेक्षा दरात पडतो. घरगुती दराचे टप्पे १ ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे. दुसऱ्या टप्प्याचा दर पहिल्याच्या दुपटीहून जास्त, तिसऱ्याचा त्याहून चढा. चार महिन्यांचे मिळून युनिट ४८०. आलेल्या बिलांप्रमाणे पहिल्या टप्प्यात १३७, दुसऱ्यात २०० आणि तिसऱ्यात १४३. महिन्याला १२० धरले तर पहिल्यात ४००, दुसऱ्यात ८०, तिसऱ्यात शून्य. वर १६ टक्के विद्युत शुल्क आहेच, तेही फुगलेल्या रकमेवर.

पण १२० तरी का? ७५ हवे होते. हे कोडं ऑफिसात सुटणारं नव्हतं, ते मीटरच्या बोर्डावर सुटलं.

आजींच्या मीटरवर '३२०० इम्पल्स प्रति युनिट' असं छापलेलं होतं, म्हणजे लाल दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. आजींच्या फ्यूजची ग्रिप काढून ठेवली, घरात सगळा अंधार, तरी दिवा मिनिटाला ८ वेळा लुकलुकत होता. हिशोब केला तर साधारण १५० वॅट. दिवसाला दहा तास धरा, महिन्याचे ४५ युनिट. १२० आणि ७५ मधले जास्तीचे युनिट ते हेच.

कारण न्यूट्रलमध्ये, म्हणजे करंट परत नेणाऱ्या वायरमध्ये होतं. चोरी पकडता यावी म्हणून आताचे मीटर फेज (करंट आणणारी वायर) आणि न्यूट्रल दोन्हींतला करंट मोजतात आणि जास्त असेल तो धरतात. पलीकडच्या खोलीत नवा बोर्ड बसवताना वायरमनने फेज त्या भाडेकरूच्या मीटरवरून घेतला होता, न्यूट्रल मात्र जवळ सापडला म्हणून आजींच्या बोर्डावरून. त्यांचा टीव्ही-पंखा चालला की तेच युनिट दोन्ही मीटरवर चढायचे. भाडेकरू त्याचं बिल पूर्ण भरत होता, त्यामुळे भांडायला कुणीच उरलं नाही!

हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या, आणि दोन्ही घरांचे मेन बंद करून. असा उसना न्यूट्रल चालू लोडवर सोडवला तर त्याच्या टोकाला शॉक बसतो. आम्ही वायर वेगळ्या करून ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी लावली, म्हणजे जाणारा आणि परत येणारा करंट सारखा नसला की आपोआप बंद होणारा स्विच. न्यूट्रल पुन्हा कुणी जोडलाच तर ती लगेच ट्रिप होते.

मीटरच्या पुढची वायरिंग ग्राहकाची जबाबदारी, म्हणून ते युनिट परत मागितले नाहीत. मागितलं एवढंच: ४८० युनिट चार महिन्यांत विभागून टप्प्यांचा लाभ द्या. उपविभागीय कार्यालयात अर्ज दोन प्रतींत, सोबत चारही बिलं आणि मीटरचा तारखेसह फोटो. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. खिडकीवर "आधी बिल भरा, मग बघू" असं ऐकावं लागलं. त्यावर विद्युत कायदा २००३ चं कलम ५६ अर्जातच लिहिलेलं होतं: वाद चालू असताना मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांची सरासरी, यांत जी कमी ती हरकत नोंदवून भरली तर वीज तोडता येत नाही. एरवीही तोडण्याआधी पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस लागते. लाइट तोडतील या धास्तीनेच म्हातारी माणसं उसने पैसे काढून बिल भरतात.

सरासरी काढताना अंदाजाचे तीन महिनेही त्यात येत होते, म्हणून रक्कम आपल्या मनाने न ठरवता लेखापालाकडून लिहून घेतली आणि अर्जाची एक प्रत जोडून भरली. "बी-८० झाला का?" असं विचारायला शिका; बिल दुरुस्तीच्या प्रस्तावाचं ऑफिसातलं नाव तेच. नुसतं "माझ्या अर्जाचं काय झालं" विचारलं की फाइल शोधण्यातच दिवस जातो. आमच्या तीन फेऱ्या झाल्या. जमलं नसतं तर पुढे ग्राहक तक्रार निवारण मंच होता; तिथे दोन वर्षांच्या आत जावं लागतं. त्यानंतर विद्युत लोकपाल, मंचाच्या आदेशापासून ६० दिवसांत.

फरकाची रक्कम पुढच्या बिलात वजा होऊन आली. त्या बिलावरचे युनिट ७४, आणि फोटोत या वेळी मीटर.