कामाशिवाय धारवाड

आम्हा बेळगावकरांची धारवाडला जायची कारणं दोनच. एक कागद, दुसरं पेढे. कागद म्हणजे मार्कशीट, मायग्रेशन, डिग्री सर्टिफिकेट. २०१० साली बेळगावात राणी चन्नम्मा विद्यापीठ झालं, तोवर आमच्याकडच्या कॉलेजांवर कर्नाटक विद्यापीठाचाच शिक्का. माझ्या बी.ए.वरही तोच आहे, साल १९९४. तेव्हा बाबांबरोबर सकाळच्या बसने गेले आणि संध्याकाळच्या बसने परत आले. मध्ये खिडकी, फॉर्म, चलन आणि बाबांनी घेतलेले पाव किलो पेढे. ज्या गावाने मला पदवीधर केलं, ते मी एवढंच बघितलेलं.

म्हणून या जुलैत ठरवलं, काही काम नसताना जायचं. आत्याला सांगितलं तर ती माझ्याआधी तयार. ती ऐंशीला टेकलीय, पण १९६७ साली तिने धारवाडात राहून एम.ए. केलंय. आमच्या घराण्यातली हॉस्टेलवर राहिलेली पहिली मुलगी.

"रेल्वेने जायचं," ती म्हणाली.

"अगं, बस दोन तासांत सोडते. शिवाय बायकांना फुकट."

"फुकट हाय म्हणून कोण जातं गे? मला अळणावर बघायचंय."

रस्त्याने धारवाड पंचाहत्तर-ऐंशी किलोमीटर. रेल्वे मात्र खाली लोंढ्यापर्यंत जाऊन मग पूर्वेला वळते, म्हणजे जवळपास सव्वाशे. कित्तूरवरून थेट मार्ग मंजूर आहे, तो होईल तेव्हा होईल. तोवर घाई असेल त्याने बस धरावी. पण जुलैत, खिडकीची जागा मिळत असेल तर, आत्याचं ऐकावं. खानापूर गेलं की पाऊस वेगळाच पडतो. लोंढा ते नागरगाळी नुसतं रान, डब्यात ट्यूबलाइट लावावी लागेल इतका अंधार. अळणावर मागे पडलं आणि कुणीतरी पडदा ओढावा तसं रान संपलं. भाताची खाचरं, मग मोकळी शेतं. धारवाड बरोबर या शिवेवर बसलंय, पश्चिमेला डोंगर-जंगलांचं मलनाड आणि पूर्वेला काळ्या मातीची शेतं. भूगोलाच्या तासाला हे पाठ केलं होतं, दिसलं आत्ता. आत्या अळणावरला झोपली होती, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

स्टेशनबाहेर रिक्षावाल्याने विचारलं, "एल्लि होगबेक्री?" म्हणजे कुठे जायचंय. माझं कन्नड भाजीबाजारापुरतं. मी ऐटीत म्हटलं, "केसीडी." झालं. विद्यापीठ म्हणजे केयूडी, केसीडी म्हणजे कर्नाटक कॉलेज, धारवाड. नवख्या माणसाने हे एक अक्षर तेवढं जपावं. रिक्षा कॉलेजपाशी थांबली आणि आत्या हसायला लागली. "चुकलीस ते बरं केलीस. पहिलं हेच बघायचं असतंय."

कॉलेज १९१७ सालचं, पण इमारत त्याहून जुनी. ती बांधली रेल्वेवाल्यांनी. सदर्न मराठा रेल्वे नावाची कंपनी १८८२ साली निघाली, तिचं मुख्यालय धारवाडात होतं आणि ते इथेच. ज्या लोंढ्याच्या वळशाला मी सकाळी नावं ठेवत होते, त्याचे हिशेब एकेकाळी या खोल्यांत होत असणार. पुढे कंपनीचं बस्तान हललं आणि कारकुनांच्या जागी पोरं बसली. अख्ख्या कन्नड मुलखाच्या नशिबी आलेल्या रेल्वेच्या नावात 'मराठा' कसं, हा प्रश्न मला तिथे व्हरांड्यात पडला. उत्तर पुढच्या मुक्कामी मिळालं.

तो मुक्काम म्हणजे कर्नाटक विद्यावर्धक संघ. स्थापना २० जुलै १८९०, रा. ह. देशपांडे यांच्या पुढाकाराने. बाहेरून कुठल्याही जुन्या वाचनालयासारखा. मी दोन मिनिटांत निघणार होते, पण आत्या एका बाकावर बसली आणि तिच्यातली मास्तरीण जागी झाली. हा मुलूख मुंबई इलाख्यात होता, कारभारात मराठीचं वजन होतं आणि इथल्या कितीतरी कन्नड मुलांना शाळेत मराठी शिकावी लागायची. शिक्षण खात्यातल्या डेप्युटी चन्नबसप्पांनी आयुष्य घालवलं ते कन्नड शाळा उघडण्यात. ते १८८१ मध्ये गेले, त्यानंतर नऊ वर्षांनी हा संघ उभा राहिला. कन्नड पुस्तकं निघावीत, मुलांना स्वतःच्या भाषेत शिकता यावं, एवढ्यासाठी.

मी गप्प. आमच्या गल्लीतली मराठी शाळा पटसंख्येपायी कशी आचके देतेय ते मी दर वर्षी बघते. दुकानाच्या पाटीवरून, सरकारी कागदावरून आमच्याकडे जे चालतं ते वेगळं सांगायला नको. आपल्या भाषेची शाळा वाचवायला धडपडणारी माणसं म्हणजे आम्ही, असंच मी लहानपणापासून धरून चाललेय. आणि इथे तशाच माणसांनी बांधलेल्या घरात बसले होते, फक्त त्यांच्या डोक्यावर बसलेली भाषा माझी होती. याने बेळगावचा प्रश्न सुटत नाही, हे मलाही कळतं. पण उठताना त्या बाकाला हात लावून उठले.

"तुला हे ठाऊक होतं, मग कधी बोलली कशी नाहीस?"

"बेळगावात बोलून मार खायचाय काय?"

जेवण खानावळीत. ज्वारीची भाकरी, एण्णगाई, मटकीची उसळ, शेंगाचटणी, दही. एण्णगाई म्हणजे आपली भरली वांगीच, तेल जरा सढळ. आत्याने दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि तिसरीची चौकशी केली.

मग खरं केयूडी. गावाबाहेर टेकडीवर, पावटेनगर. १९४९ मध्ये विद्यापीठ स्थापन झालं ते मुंबईत, पुढच्या वर्षी ते धारवाडात आलं. रँग्लर डी. सी. पावटे १९५४ ते १९६७ कुलगुरू होते, म्हणजे आत्याचा काळ बरोबर त्यांच्याच कारकिर्दीतला. मुख्य इमारत भव्य आहे, फोटोत येते तशीच, म्हणून तिच्याबद्दल जास्त लिहीत नाही. खरी मजा आतल्या रस्त्यांवर चालण्यात. झाडंच झाडं, ओली लाल माती, छत्रीत दोघी-दोघी चाललेल्या मुली. कन्नड संशोधन संस्थेचं संग्रहालय चुकवू नका, दगडी मूर्ती आणि शिलालेख निवांत बघता येतात. ज्या खिडकीपाशी १९९४ मध्ये उभी होते ती शोधली. सापडली नाही, किंवा सापडली असेल तरी ओळखली नाही.

परतताना साधनकेरी. तळ्याकाठी द. रा. बेंद्रे यांचं घर आणि त्यांचं स्मारक. कन्नडचा हा मोठा कवी, १९७३ चा ज्ञानपीठ, आणि घरची भाषा मराठी. बी.ए. पुण्याच्या फर्ग्युसनमधून, पुढे बरीच वर्षं सोलापुरात प्राध्यापक. याच गावात जी. ए. कुलकर्णी तीसेक वर्षं इंग्रजी शिकवत राहिले, शिक्षण आपल्या बेळगावातलं, आणि लिहिलं मराठीत. मराठी घरातला माणूस कन्नड कवी झाला आणि बेळगावात शिकलेला माणूस कन्नड गावात बसून मराठी कथाकार. मी आत्याला विचारलं, जी.एं.ना कधी भेटलीस का.

"भेटायचे कुठे ते कुणाला? दारावरून दोनदा गेलो आम्ही मैत्रिणी. दोन्ही वेळा दार बंद."

गायक मल्लिकार्जुन मन्सूरांचं घर पावसामुळे राहिलं. लाइन बाजारात पेढ्यांची रांग मात्र पावसातही हलत नव्हती. उन्नावहून आलेल्या ठाकूर कुटुंबाने इथे पेढा रुजवला, हे सगळ्यांना ठाऊक असतं. खवा तांबूस होईस्तोवर परतायचा आणि वर पिठीसाखर घोळायची. आमच्या कुंद्याशी तुलना मी करणार नाही, मला बेळगावात राहायचंय.

बेळगावला परत जाताना बस. हुबळीकडे रस्त्याच्या मधोमध स्वतःची मार्गिका असलेली 'चिगरी' बस धावते, आपली बस मात्र साधी, कित्तूरमार्गे. कंडक्टरने आधार कार्डं बघितली आणि दोन शून्य रुपयांची तिकिटं फाडून दिली. मी माझं चुरगाळलं. पहिल्यांदाच धारवाडहून कागद न घेता चाललोय आपण, असं म्हणायला आत्याकडे वळले, तर ती तिकिटाची नीट चौघडी करून पाकिटाच्या आतल्या कप्प्यात ठेवत होती.