पाँटिंगच्या बॅटमधली स्प्रिंग

रिकी पाँटिंगच्या बॅटमध्ये स्प्रिंग होती. २४ मार्च २००३, सोमवार, ही बातमी आमच्या शाळेत प्रार्थनेच्या आधीच पोचली. आदल्या दिवशी जोहान्सबर्गला वर्ल्डकपची फायनल झाली होती. ऑस्ट्रेलियाच्या २ बाद ३५९, त्यात एकट्या पाँटिंगच्या नाबाद १४० आणि आठ सिक्सर. आपण २३४ वर आटोपलो. एवढं सगळं पेपरात होतं. जे पेपरात नव्हतं, ते नववी-बच्या मागच्या बाकावर मिळत होतं. बॅट तपासली, आत स्प्रिंग सापडली, आता मॅच पुन्हा होणार. कुणी म्हणे पुढच्या रविवारी, कुणी म्हणे वार्षिक परीक्षा संपल्यावर. आयसीसी आपल्या परीक्षेचं वेळापत्रक बघूनच तारीख देईल, याबद्दल वर्गात दुमत नव्हतं.

पुढे पुण्यात हॉस्टेलला आले तेव्हा कळलं की ही स्प्रिंग फक्त श्रीरामपुरात नव्हती. नांदेडच्या मुलीला ती ठाऊक होती, रत्नागिरीच्या मुलीला ठाऊक होती, आणि शेजारच्या खोलीत पाटण्याहून आलेली एक मुलगी होती, तिच्या शाळेतही त्याच सुमारास ती पोचली होती. तेव्हा व्हॉट्सॲप नव्हतं. मोबाइल असलाच तर घरातल्या कर्त्या माणसाच्या खिशात, आणि तोही मिस्ड कॉल देण्यापुरता. मग एका रात्रीत अख्ख्या देशातल्या पोराटोरांना एकच स्प्रिंग कशी सापडली असेल? मला वाटतं, ती कुणी पसरवली नाही. प्रत्येक गावात वेगवेगळी जन्मली असावी. इतक्या मोठ्या हरण्याला पुरून उरेल एवढं कारण हवं होतं, आणि लाकडाच्या आत काय दडवता येतं याचा विचार करू लागलं की चौदा वर्षांच्या डोक्याला स्प्रिंगशिवाय दुसरं सुचणार तरी काय!

आमच्या गावाची अडचण जरा जास्त होती, कारण झहीर खान श्रीरामपूरचा. फायनलची पहिली ओव्हर त्यानं टाकली, आणि नो-बॉल-वाइडसकट तिच्यात १५ धावा गेल्या. मॅच तिथंच गेली असं उरलेला भारत म्हणत होता. श्रीरामपूरला तसं म्हणायची सोय नव्हती. मेन रोडवर त्या दिवसांत ज्याला बघावं त्यानं लहानपणी झहीरला सिक्सर तरी मारलेला असे, किंवा त्याच्या हातून दांडी तरी गुल करून घेतलेली असे, आणि दोन्ही गोष्टी सारख्याच अभिमानानं सांगितल्या जात. अशा गावानं पहिल्या ओव्हरचं करायचं काय? एक पक्ष म्हणाला, टॉस जिंकून बॉलिंग घेणाऱ्या गांगुलीला विचारा. दुसरा म्हणाला, पोरगं आहे, एवढ्या मोठ्या मॅचला अंगात येणारच. तेवढ्यात स्प्रिंग आली आणि सगळे सुटले. समोरच्याची बॅटच खोटी, तर बॉलर कोणता का असेना!

हसू येतं खरं. पण त्याच वर्ल्डकपच्या सुरुवातीला काय झालं होतं ते आठवलं की मला या स्प्रिंगबद्दल आदर वाटू लागतो. १५ फेब्रुवारीला सेंच्युरियनला याच ऑस्ट्रेलियानं आपल्याला १२५ वर गुंडाळलं होतं आणि नऊ विकेटनं हरवलं होतं. तेव्हा कुणी स्प्रिंग शोधली नाही. पुतळे जाळले. मोहम्मद कैफच्या अलाहाबादच्या घराला काळं फासलं. सातच महिन्यांपूर्वी याच कैफनं लॉर्ड्सवर नॅटवेस्टची फायनल काढून दिली होती. शेवटी सचिनला लोकांना जाहीर विनंती करावी लागली की थोडा धीर धरा. त्यानंतर संघ ओळीनं आठ मॅच जिंकला आणि पुतळे जाळणारे तेच हात फटाक्यांकडे वळले.

म्हणजे एकाच संघाबद्दल, एकाच स्पर्धेत, पाच आठवड्यांच्या अंतरानं जनतेची दोन मतं. फेब्रुवारीतलं मत डांबर घेऊन आलं आणि मार्चमधलं स्प्रिंग घेऊन. दोन्ही तितकीच बिनबुडाची, पण दुसऱ्या मतानं कुणाच्या घराची काच फुटली नाही. त्याचं श्रेय थोडं त्या आठ विजयांना द्यायला हवं. फायनलपर्यंत आलेल्या पोरांवर राग काढायला जीव धजत नव्हता, मग तो बॅटवर काढला.

डांबरवाल्या मताची परंपरा आपल्याकडे मोठी आहे. १३ मार्च १९९६, ईडन गार्डन्स, सेमीफायनल. १ बाद ९८ वरून ८ बाद १२० झाले आणि कोलकात्याच्या प्रेक्षकांनी आपलं मत बाटल्या फेकून आणि आगी लावून नोंदवलं. मॅच-रेफ्री क्लाइव्ह लॉइडनं सामना श्रीलंकेला देऊन टाकला आणि १० वर नाबाद असलेला विनोद कांबळी रडत पॅव्हेलियनकडे निघाला. ते रडणं महाराष्ट्रातल्या घराघरांत वर्षानुवर्षं आठवलं गेलं. बाटल्यांबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही. २००७ मध्ये बांगलादेशाकडून हरलो तेव्हा रांचीत धोनीच्या बांधकाम चालू असलेल्या घराची मोडतोड झाली. सप्टेंबरात तोच धोनी टी-ट्वेंटीचा वर्ल्डकप घेऊन आला आणि मुंबईत विमानतळापासून वानखेडेपर्यंत उघड्या बसमधून फिरला, रस्त्यात मुंगीला जागा नव्हती. धोनीचा चेहरा दोन्ही वेळेला जवळजवळ सारखाच होता म्हणा. त्याला जनमताचा अंदाज आपल्यापेक्षा आधी आला असणार.

स्प्रिंग ही केवळ आपली खासियत नाही, हे मला २०२० साली समजलं. २०११ ची वानखेडेवरची फायनल आठवत असेलच. आमच्या गावासाठी तर ती झहीरची परतफेड होती. पहिल्या पाच ओव्हरमध्ये तीन मेडन, सहा धावा, एक विकेट. शेवटी त्याच झहीरला दोन विकेटसाठी ६० धावा पडल्या, पण तो भाग श्रीरामपूरच्या इतिहासात घेतलेला नाही. तर ती मॅच होऊन नऊ वर्षं उलटल्यावर श्रीलंकेच्या तेव्हाच्या क्रीडामंत्र्यांनी जाहीर केलं की आमच्याकडून ती फायनल विकली गेली होती. पुरावा? तो पोलिसांनी शोधावा. पोलिसांनी खरोखरच चौकशी लावली, कुमार संगकाराला बोलावून तासन्‌तास जबाब घेतला, आणि पुराव्याअभावी काही दिवसांत फाइल बंद केली. मागच्या बाकावरची गोष्ट मंत्र्याच्या तोंडी गेली की तिची सगळी मजा जाते. निदान आमच्या वर्गानं पाँटिंगला जबाब द्यायला बोलावलं नव्हतं.

मग २०२४. ब्रिजटाऊनला टी-ट्वेंटी वर्ल्डकपच्या फायनलला शेवटच्या ओव्हरच्या पहिल्याच चेंडूवर सूर्यकुमारनं सीमारेषेवर मिलरचा तो झेल घेतला. बॉल आत, स्वतः बाहेर, पुन्हा आत. आपण सात धावांनी जिंकलो. आणि दुसऱ्या दिवसापासून सीमेपलीकडचं गवत मोजणं सुरू झालं. दोरी मागे सरकवली होती, तिची जुनी पांढरी खूण दिसतेय, हे बघा लाल गोल काढलेला फोटो. आपल्याकडे लोक चिडले. मला मात्र एकदम जुनं कुणीतरी भेटल्यासारखं झालं. अरे, ही तर स्प्रिंग! दक्षिण आफ्रिकेतल्या कुठल्या तरी शाळेत त्या सोमवारी पोरं सांगत असतील, मॅच पुन्हा होणार आहे म्हणून.

आपल्याकडे त्या झेलाचा निकाल विधानभवनात लागला. सत्कारात सूर्यकुमारनं मराठीत सांगितलं की कॅच हातात बसला, आणि रोहित शर्मानं त्यावर पुस्ती जोडली की बसला ते बरं झालं, नाहीतर त्यालाच बसवला असता. सभागृह हसून लोटपोट. लगेच सरकारनं जाहीर केलेल्या ११ कोटींवरून विरोधकांनी विचारलं की तिजोरीतून कशाला, आणि चहाच्या टपरीवर नवा विषय आला.

बाबांच्या पिढीची स्प्रिंग वेगळी होती, आणि ती आपल्याच माणसाच्या बॅटमध्ये शोधावी लागली होती. ७ जून १९७५, लॉर्ड्स, पुरुषांच्या पहिल्या वर्ल्डकपची पहिली मॅच. इंग्लंडच्या ६० ओव्हरमध्ये ३३४ आणि उत्तरादाखल सुनील गावसकर ६० ओव्हर उभा राहून नाबाद ३६. चेंडू १७४, चौकार एक. यावर बाबांकडे एकाहून अधिक स्पष्टीकरणं आहेत आणि ती पाहुण्यांप्रमाणे बदलतात. पाहुणा मुंबईचा असेल तर, ‘वनडे म्हणजे काय हेच तेव्हा कुणाला माहीत नव्हतं हो.’ पाहुणा जरा तिरकस असेल तर, ‘निवडीवर नाराज होता म्हणतात.’ घरातलेच असलो तर, ‘३३४ होणार नव्हतेच, मग विकेट कशाला फेकायची?’ गावसकर चुकला, हे स्पष्टीकरण मी आजवर ऐकलेलं नाही. बाबांना मी एकदा डेव्हिड फ्रिथची गोष्ट सांगितली. या इंग्लिश संपादकानं १९८३ च्या आधी लिहिलं होतं की भारतासारख्या दुबळ्या संघांनी सुधारणा करता येत नसेल तर स्पर्धेतून बाहेर पडावं. कपिलच्या संघानं कप जिंकल्यावर एका वाचकानं पत्र लिहून त्याला शब्द गिळायला सांगितलं, आणि त्यानं तो छापील कागद खरोखर चावून खाल्ला, वर तसा फोटोही छापला. बाबा म्हणाले, ‘इंग्रज आहे, कागद पातळ असेल.’ बाबा शब्द परत घेतील ही आशा मी त्या दिवशी सोडली.

हल्ली मात्र स्प्रिंगची प्रत घसरली आहे. १९ नोव्हेंबर २०२३ ला अहमदाबादला हरलो, ओळीनं दहा मॅच जिंकून हरलो, तेव्हा सोसायटीच्या ग्रुपवर रात्री अकराच्या आत खेळपट्टीवर निबंध आले. ही खेळपट्टी पाकिस्तानविरुद्ध वापरलेलीच होती, दुपारी बॉल थांबून येत होता, संध्याकाळी दव पडलं, राहुलनं १०७ चेंडूंत ६६ केल्या आणि एकच चौकार मारला. फायनल वानखेडेला ठेवायला काय झालं होतं? सगळं आकड्यांनिशी आणि बरंचसं खरंही. पण ट्रॅव्हिस हेडनं त्याच खेळपट्टीवर १३७ केल्या, याचं काय करायचं? पाँटिंगबद्दल आम्ही जे निधड्या छातीनं बोललो, तसं हेडबद्दल बोलायला एकही माईचा लाल पुढे आला नाही. शिकलेल्या माणसांना धड अफवाही रचता येत नाही.

हे सगळं झालं पुरुषांच्या क्रिकेटचं. बायकांच्या संघाच्या वाट्याला इतकी वर्षं ना डांबर आलं ना स्प्रिंग. २००५ साली मिताली राजचा संघ वर्ल्डकपच्या फायनलला गेला, त्याच सेंच्युरियनवर ऑस्ट्रेलियाकडून हरला. आमच्या गावात त्यावर चांगलं-वाईट काहीच बोललं गेल्याचं मला आठवत नाही. मी स्वतः तेव्हा गल्लीत मुलांबरोबर बॉलिंग टाकायचे, तरी फायनल आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं. २०१७ ला लॉर्ड्सवर ३ बाद १९१ वरून आपण नऊ धावांनी हरलो. असलं हरणं पुरुषांचं असतं तर आठवडाभर गावात वात आणला असता लोकांनी. तेव्हा सगळे म्हणाले, ‘छान खेळल्या पोरी.’ बाबाही तेच म्हणाले, टीव्ही बंद केला आणि जेवायला बसले. मला ते ‘छान’ इतकं लागलं! शाळेच्या गॅदरिंगमध्ये नाच विसरलेल्या मुलीला म्हणतात ना, तसलं छान.

म्हणून २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये बाबांचा फोन आला तेव्हा मी दचकले. बायकांच्या वर्ल्डकपमध्ये भारत ओळीनं तीन मॅच हरला होता, दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि मग इंदूरला इंग्लंडविरुद्ध, तीही चार धावांनी. बाबा नुसते तापले होते. ‘८८ वर असताना तो शॉट मारायचा? सांगलीला हेच शिकवलं का तिला?’ स्मृती मानधनाला ते एकेरीत बोलत होते. विराटला आणि रोहितला बोलतात अगदी त्याच एकेरीत. मग हरमनप्रीतची कॅप्टनशिप, जेमिमाला त्या मॅचला बसवलंच का, सहावी बॉलर कुठाय, हे सगळं. समाजमाध्यमांवर त्याच दिवसांत जे लिहिलं जात होतं ते याहून पुष्कळ घाणेरडं होतं आणि त्याचं कौतुक मला अजिबात नाही. पण बाबांचा तो राग मी फोन कानाला लावून चवीनं ऐकला. त्यांनी मॅच पाहिली होती. पहिल्यापासून पाहिली होती.

पुढचं ठाऊक आहेच. सेमीफायनलला ऑस्ट्रेलियाच्या ३३८, जेमिमाच्या नाबाद १२७, आणि २ नोव्हेंबरच्या रात्री नवी मुंबईत दक्षिण आफ्रिकेवर ५२ धावांनी विजय. शफालीच्या ८७, वर दोन विकेट. एरवी क्वचितच बॉल हातात घेणारी पोरगी. दीप्तीच्या ५८ आणि पाच विकेट. भारताकडून स्वतः कधीच खेळायला न मिळालेला अमोल मुझुमदार कोच म्हणून मैदानात. बाबांनी रात्री बारा वाजून गेल्यावर फोन केला. अभिनंदन वगैरे काही नाही.

‘ही शफाली मुळात पंधरा जणींत नव्हती, माहितीये ना तुला? प्रतीका जखमी झाली म्हणून आली. निवड समिती काय करत होती?’

मी म्हटलं, ‘बाबा, प्रतीकानं न्यूझीलंडविरुद्ध शतक मारलं होतं.’

‘ते असू दे. दोघींनाही घ्यायचं.’

‘मग बसवायचं कुणाला?’

बाबांनी एक नाव घेतलं. ते नाव मी इथं लिहिणार नाही, पण तो वाद अजून मिटलेला नाही. दर रविवारी फोनवर आम्ही तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो आणि आई मागून ओरडते की बिल कोण भरतंय.